डब्यातल्या तेवीस अळ्या आणि दारातलं हळदीकुंकू

दोन वर्षांपूर्वी न्यू जर्सीत घर घेतलेल्या एका ताईंचा प्रश्न आहे. मे महिन्यात त्यांनी एका मोठ्या दुकानातून मिल्कवीडच्या, म्हणजे मोनार्क फुलपाखराच्या अळ्या ज्याची पानं खातात त्या झाडाच्या, तीन कुंड्या आणल्या. साताऱ्याहून आलेल्या सासूबाईंनी बघताक्षणी ओळखलं, ‘अगं, हे तर आपलं हळदीकुंकू!’ जुलैअखेरीला त्या झाडांवर मोनार्कच्या अळ्या दिसल्या. गांधीलमाश्या नेतील या भीतीने ताईंनी आणि त्यांच्या आठ वर्षांच्या मुलीने तेवीस अळ्या उचलून स्वयंपाकघरात प्लॅस्टिकच्या एका डब्यात ठेवल्या. पुढे अकरा अळ्या काळ्या पडून, पाणी होऊन मेल्या. तीन उलट्या लटकल्या, पण कोष व्हायच्या आत त्यांच्यातून पांढरे दोरे लोंबायला लागले. नऊ कोष झाले, आणि त्यातलं पहिलं फुलपाखरू चुरगळलेल्या पंखांचं निघालं. मुलगी दिवसभर रडली. ताई विचारतात, ‘माझं कुठे चुकलं? आणि आता पुन्हा अंडी शोधून करून बघू का?’

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे म्हणून ते आधी देते: यंदा नको. पहिल्याचं लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

तुमच्या डब्यात एक नाही, तीन वेगवेगळ्या गोष्टी घडल्या आहेत आणि तिन्हींचं कारण निराळं आहे.

काळ्या पडलेल्या अकरा अळ्यांपासून सुरुवात करू. एक अळी अंड्यातून निघाल्यापासून कोष करेपर्यंत मिल्कवीडची मोठी वीसेक पानं फस्त करते. दहा ते चौदा दिवसांत तिचं वजन जवळजवळ दोन हजारपट होतं, ते उगाच नाही. तेवीस अळ्या म्हणजे साडेचारशेच्या वर पानं. तीन कुंड्यांत तेवढी पानं असणं शक्यच नाही. म्हणजे मध्येच पाला संपला असणार आणि तुम्ही धावत जाऊन आणखी रोपं आणली असणार. आणली असतील तर कधी, ते आठवा. नवा पाला घातल्यावर एक-दोन दिवसांत अळ्या हिरवं ओकल्या असतील, अंग पिळवटून धडपडल्या असतील आणि सगळ्या एकदम गेल्या असतील, तर ते विष आहे, रोग नाही. दुकानातल्या रोपांवर कीटकनाशक मारलेलं असतं, आणि त्यातली काही, विशेषतः निओनिकोटिनॉइड गटातली, मुळांवाटे झाडाच्या रसात उतरतात. पानं कितीही धुतली तरी ती जात नाहीत. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिकेतल्या १५ राज्यांतल्या ३३ रोपवाटिकांतून मिल्कवीडची २३५ रोपं विकत घेऊन तपासली होती. एकही रोप स्वच्छ निघालं नाही. ‘फुलपाखरांसाठी उपयुक्त’ अशी पाटी लावलेली रोपंसुद्धा त्यात होती.

आणि अळ्या एकदम न जाता एकामागून एक गेल्या असतील, सुस्त होऊन, खाणं सोडून, मग काळ्या पडून लोंबून, तर तो विषाणूचा किंवा जिवाणूंचा प्रकार आहे. त्याला कारण गर्दी. बंद डबा, पानांना सुटलेलं पाणी, तळाशी लेंड्यांचा चिखल, आणि त्याच चिखलातून फिरून पानावर चढणाऱ्या अळ्या. एकीला लागण झाली की बाकीच्यांची सुटका नसते. आपल्याकडे रेशमाचे किडे पाळणारे शेतकरी चुना मारून, पाला कोरडा करून, जागा साफ ठेवून का राबतात ते अशा वेळी कळतं.

पांढरे दोरे लोंबणाऱ्या तीन अळ्यांचं प्रकरण मात्र तुमच्या डब्यातलं नाही. त्या बाहेरूनच ते घेऊन आल्या होत्या. टॅकिनिड नावाची एक माशी असते, दिसायला आपल्या घरमाशीसारखीच, जरा केसाळ. ती अळीच्या अंगावर अंडी घालते, तिची पिल्लं आत शिरून अळीला आतून खातात आणि वेळ झाली की चिकट दोऱ्यांवरून खाली उतरतात. डब्याच्या तळाशी तांदळाच्या दाण्याएवढ्या तपकिरी गोळ्या सापडल्या असतील, तर ते त्या माशीचे कोष. हे बघवत नाही, मान्य. पण हा संसर्ग नाही, बाकीच्या अळ्यांना त्याचा धोका नाही. जितकी मोठी अळी घरात आणाल तितकी ही शक्यता जास्त, कारण ती तितके दिवस उघड्यावर फिरलेली असते.

आता चुरगळलेले पंख. इथे मला माझं स्वतःचं एक जुनं पाप सांगावं लागेल.

मी मध्य न्यू जर्सीत सोळा वर्षं मिल्कवीड लावतेय. पहिली चार-पाच वर्षं मीही अळ्या गोळा करायचे, तुमच्यापेक्षा कितीतरी जास्त. एका उन्हाळ्यात तळघरात एकशे चाळीस वाढवल्या. वहीत रोजचा हिशोब, फ्रीजवर तक्ता, शेजाऱ्यापाजाऱ्यांची मुलं बघायला यायची. मी भलतीच खुशीत होते. त्या सप्टेंबरात मुलाने शाळेच्या प्रकल्पासाठी सूक्ष्मदर्शक आणला, म्हणून शेवटच्या तीस फुलपाखरांच्या पोटाला टेप लावून आम्ही बघितलं. एकोणीस टेपांवर बीजाणू होते. त्याआधीची शंभरावर फुलपाखरं मी टाळ्या वाजवत सोडून दिलेली होती.

ते बीजाणू ज्या परजीवीचे होते त्याचं नाव ऑफ्रिओसिस्टिस इलेक्ट्रोस्किरा, सगळे ओई म्हणतात. तो एकपेशीय आहे. आजारी मादीच्या पोटावर, खवल्यांच्या मधे, त्याचे लाखो बीजाणू चिकटलेले असतात. ती अंडं घालते तेव्हा ते अंड्यावर आणि पानावर सांडतात. अळी बाहेर येऊन पहिल्यांदा अंड्याचं टरफल खाते, मग पान; बीजाणू पोटात गेले की झालं. कोषात असताना तो वाढतो आणि फुलपाखरू बाहेर येतं तेच बीजाणूंनी माखून. लागण जबर असेल तर ते कोषातून धड सुटत नाही किंवा पंख उलगडत नाहीत. हलकी असेल तर ते छान दिसतं, उडतं, आणि जाईल तिथे बीजाणू पेरत जातं. यावर औषध नाही.

पण चुरगळलेला पंख दिसला की ओईच असंही नाही. बाहेर पडल्यावर फुलपाखराला पंख खाली लोंबतील अशा रीतीने लटकायला जागा लागते. पोटातलं पाणी पंखांच्या शिरांत भरून ते ताठ होईपर्यंत आणि वाळेपर्यंत दोन-तीन तास जातात. गुळगुळीत प्लॅस्टिकवर पाय घसरून ते खाली पडलं, तर निरोगी फुलपाखराचेही पंख तसेच घडी पडून वाळतात. तुमच्या डब्याच्या भिंतींना धरायला काहीच नव्हतं. तेव्हा अंदाज न करता तपासा.

तपासणी अशी. फुलपाखरू निघाल्यावर पाच-सहा तास थांबा. पंख मिटलेले असताना चारही पंख अलगद दोन बोटांत धरा. साध्या पारदर्शक चिकटपट्टीचा अर्ध्या इंचाचा तुकडा पोटाच्या बाजूला हलकेच टेकवून उचला आणि पांढऱ्या कार्डावर चिकटवा. त्यावर राखाडी-तपकिरी भुरका दिसेल, ते खवले. मुलांचा सूक्ष्मदर्शक ४० ते १०० पटींचा असला तरी पुरतो. खवला ताटाएवढा धरला तर ओईचा बीजाणू त्या ताटातल्या लिंबाच्या फोडीएवढा दिसतो: दोन्ही टोकांना निमुळता, गडद, आणि असला तर एकटा नसतो. हे काम तुमच्या मुलीला द्या. माझ्या मुलाला त्या वयात फुलपाखरापेक्षा टेपच जास्त आवडायची.

टेपवर ते आढळले तर फुलपाखरू सोडू नका. कागदाच्या पाकिटात घालून फ्रीझरमध्ये ठेवायचं. ही गोष्ट मुलीला कशी सांगायची ते तुम्ही ठरवा. मी माझ्या मुलाला आहे तसंच सांगितलं होतं, की याच्या अंगावरून रोग बाकीच्यांकडे जाईल. त्याने दोन दिवस माझ्याशी अबोला धरला, तिसऱ्या दिवशी स्वतः पाकीट लिहून आणलं.

आता हळदीकुंकवाकडे वळते. सासूबाईंची नजर पक्की आहे. ते झाड म्हणजे अस्क्लेपियस क्युरासाविका, इथे त्याला ट्रॉपिकल मिल्कवीड म्हणतात. ते मूळचं उष्ण अमेरिकेतलं, तिथून आपल्याकडे आलं आणि अंगणात रुळलं. आपली रुईही याच कुळातली. शनिवारी मारुतीला जिच्या पानांची माळ घालतात, तिच्या पानांवर पिवळ्या-काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या अळ्या लहानपणी तुम्ही पाहिल्या असतील. त्या मोनार्कच्या नव्हेत, त्याच्या चुलत भावाच्या, प्लेन टायगरच्या. महाराष्ट्रात मोनार्क नाही. पण रुईचा चीक डोळ्यात जाऊ द्यायचा नाही, ही तिकडची शिकवण इथे जशीच्या तशी आणा. मिल्कवीडचा चीक हाताला लागून डोळ्यात गेला तर बुबुळाला इजा होते, डॉक्टरकडे पळावं लागतं. पाला तोडताना हातमोजे घाला, मुलीला तर घालाच.

हळदीकुंकवात वाईट काय? न्यू जर्सीत फारसं काही नाही. पहिल्या गोठवणाऱ्या दहिवराने ते मरतं, आणि त्याच्याबरोबर पानांवरचे बीजाणूही जातात. खरी अडचण ह्यूस्टन, फ्लोरिडा, दक्षिण कॅलिफोर्निया इथली, जिथे थंडी बेताची असते. तिथे हे झाड बारमाही हिरवं राहतं. हिवाळ्यासाठी मेक्सिकोला स्थलांतर करायचं सोडून काही मोनार्क तिथेच मुक्काम ठोकतात, त्याच त्या झाडांवर पिढ्यामागून पिढ्या अंडी घालतात आणि पानांवर ओई साचत जातो. देशी मिल्कवीड हिवाळ्यात जमिनीलगत वाळून जातं, वसंतात कोरी पालवी फुटते, म्हणजे दरवर्षी पाटी पुसली जाते. शिवाय मेक्सिकोचा प्रवास इतका खडतर की आजारी फुलपाखरं वाटेतच गळतात. मुक्काम ठोकणाऱ्यांच्या बाबतीत ही गाळणीच उरत नाही. तुमची बहीण, मैत्रीण टेक्सासला असेल आणि तिच्या दारात हे झाड असेल, तर ऑक्टोबरात ते जमिनीपासून सहा इंचांवर छाटायला आणि थंडीभर फूट आली की पुन्हा छाटायला सांगा. कॅलिफोर्नियातल्या काही काउंट्यांनी तर त्याची विक्रीच बंद केली आहे. त्या राज्यात मोनार्कच्या अळीला हात लावायलाही परवाना लागतो, हेही तिथल्या लोकांनी ध्यानात ठेवावं.

मग घरात वाढवायच्याच नाहीत का? माझं मत सांगते. ते इथल्या बऱ्याच हौशी लोकांना पटत नाही.

मोनार्क कमी झाले ते अळ्या जगत नाहीत म्हणून नव्हे. अळ्या कधीच जगत नव्हत्या. एक मादी तीनशे ते पाचशे अंडी घालते, आणि शंभर अंड्यांमागे दहासुद्धा फुलपाखरं होत नाहीत. मुंग्या, कोळी, लेडीबग, ढेकण्या, गांधीलमाश्या, सगळे त्यावर जगतात, आणि हे पूर्वीपासून असंच चाललंय. कमी झालं ते झाड. अमेरिकेच्या मधल्या राज्यांत मक्याच्या आणि सोयाबीनच्या शेतांत सऱ्यांमधून मिल्कवीड उगवायचं. तणनाशक सोसणारी वाणं आल्यावर ग्लायफोसेट सरसकट फवारायला लागले आणि शेतातलं मिल्कवीड साफ झालं. रॉकी पर्वताच्या पूर्वेकडचे मोनार्क हिवाळ्यात मेक्सिकोतल्या मिचोआकान आणि मेक्सिको राज्यांच्या डोंगरांत, तीन हजार मीटरच्या आसपास, ओयामेल नावाच्या सूचिपर्णी झाडांवर एकमेकांना बिलगून बसतात. ही फुलपाखरं इतकी दाट बसतात की मोजणी नगांत न करता हेक्टरांत करतात. १९९६-९७ च्या हिवाळ्यात त्यांनी अठरा हेक्टर जंगल व्यापलं होतं. २०१३-१४ मध्ये ०.६७ हेक्टर. २०२३-२४ मध्ये ०.९०, पुढच्या वर्षी १.७९. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या मत्स्य आणि वन्यजीव खात्याने मोनार्कला संकटग्रस्त ठरवायचा प्रस्ताव मांडला. मी एकशे चाळीसच्या जागी चौदाशे सोडली असती तरी या आकड्यांत काही हललं नसतं.

उलट घरातल्या फुलपाखरांचं काय होतं यावर अलीकडे बरंच काम झालंय. २०१९ मध्ये शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं की विक्रीसाठी पैदास केलेले मोनार्क शरद ऋतूत दक्षिणेकडे तोंड करत नाहीत, आणि रानातली अंडीही घरात वाढवली तर त्यांचीही दिशा हरवते. दोन वर्षांनी कॅनडातल्या गुएल्फ विद्यापीठाच्या गटाने अंगावर रेडिओ बसवून फुलपाखरं बाहेर सोडली, तर काही दिवस ऊन-आभाळ दिसल्यावर बरीचशी दक्षिणेला गेली. म्हणजे सगळं संपत नाही, पण घरात ठेवून त्यांचं काही भलंही होत नाही. त्यांचं होकायंत्र सूर्याच्या जागेवर आणि अंगातल्या घड्याळावर चालतं. वातानुकूलित स्वयंपाकघरात रात्री अकरापर्यंत ट्यूबलाइट पेटलेली असेल तर ते घड्याळ कशावर लावणार? हे मी तुमच्या घराबद्दल नव्हे, माझ्या तळघराबद्दल बोलतेय.

तेव्हा मुलीला बघायला मिळावं म्हणून पुढच्या वर्षी जरूर वाढवा, पण वर्षाला दहाच्या वर नाही. हा आकडा माझा नाही, कीटकसंवर्धनात मुरलेल्या झर्सीस सोसायटीचाही तोच सल्ला आहे. जून-जुलैतल्या घ्या; ऑगस्टच्या मध्यानंतर निघणारी पिढी मेक्सिकोला जाणारी असते, तिला हात लावू नका. मोठी अळी न उचलता अंडं उचला: पानाच्या खालच्या बाजूला, टाचणीच्या डोक्याएवढं, मोतिया रंगाचं, उभ्या रेषांचं, एका पानावर बहुधा एकच. पान देठासकट तोडून ओल्या टिश्यूत गुंडाळा. तीन ते पाच दिवसांनी अंड्याचं टोक काळं दिसलं की दुसऱ्या दिवशी अळी बाहेर. प्लॅस्टिकचा डबा नको, कापडी जाळीचा पिंजरा घ्या आणि तो ओसरीवर, सावलीत, वाऱ्यावर टांगा. लेंड्या रोज झाडा. अळी पान सोडून जाळीवर जाऊन एका जागी दिवसभर गप्प बसली तर ती आजारी नाही, कात टाकतेय. तिला उचलून पानावर ठेवण्याचा आगाऊपणा करू नका. पाय जाळीतून सोडवताना मी अशा दोन मारल्या आहेत. हंगाम संपला की पिंजरा एक भाग ब्लीच आणि चार भाग पाणी यात चार तास बुडवून, धुऊन, उन्हात वाळवा. नुसत्या साबणाने ओई जात नाही.

आता बागेबद्दल, कारण खरं काम तिथेच आहे.

आपल्या भागात तीन मिल्कवीड चालतात. स्वॅम्प मिल्कवीड, म्हणजे अस्क्लेपियस इन्कार्नाटा, हे माझं लाडकं: गुलाबी फुलं, एकाच जागी नीट झुडूप करून राहतं, ओल लागते, चिकणमाती चालते. कॉमन मिल्कवीड, अस्क्लेपियस सिरियाका, मोनार्कना फार आवडतं पण ते मुळांनी पसरतं. तीन वर्षांत तुमच्या हिरवळीतून डोकं काढेल आणि घरमालक संघाचं पत्र येईल. कुंपणाकडेची मोकळी जागा असेल तरच लावा. तिसरं नारिंगी फुलांचं बटरफ्लाय वीड, अस्क्लेपियस ट्युबरोसा, कोरड्या रेताड जागी छान, पण पानांत चीक नसतो आणि माद्या त्याला दुय्यम मानतात. कॉमन मिल्कवीडचे निम्मे दांडे जूनअखेरीला कंबरेतून छाटा. तीन आठवड्यांत कोवळी फूट येते, आणि जुलै-ऑगस्टातल्या माद्या राठ पानं सोडून नेमक्या तिच्यावर येतात.

रोपं विकतच घ्यायची असतील तर देशी वनस्पतींच्या लहान रोपवाटिकेतून घ्या, आणि तिथेही कुरतडलेलं, मावा पडलेलं रोप निवडा. एरवी आपण भाजीची जुडीसुद्धा उलटसुलट करून घेतो, पण इथे किडकं तेच चांगलं. ज्याच्यावर कीड जगतेय त्याच्यावर अळीही जगेल. तो पिवळाधमक मावा तुम्ही गावाकडे कण्हेरीवर पाहिला असेल, तोच हा. पाण्याच्या पिचकारीने उडवा, किंवा पान चिमटीत धरून पुसा, आधी मागे अंडं नाही ना ते बघून. कडुनिंबाचं तेल मारायचं नाही. ‘ते तर नैसर्गिक आहे’ हे मला दर उन्हाळ्यात कुणीतरी ऐकवतं, नेमाने आपल्यापैकीच. नैसर्गिक आहे म्हणूनच तर अळ्या मरतात. कडुनिंब स्वतःला अळ्यांपासून वाचवायलाच ते बनवतो. बीटी नावाची पावडरही नको. ती भाजीवरच्या अळ्यांसाठी असते, आणि तिला तुमची अळी कोणती, कोबीची कोणती, हे कळत नाही.

डासांचं फवारणं हा त्याहून मोठा शत्रू. एका वर्षी माझ्या शेजाऱ्यांनी डासांसाठी कुठल्याशा कंपनीचा महिन्याचा करार केला. माणूस पाठीवर पंप घेऊन कुंपणाच्या झुडपांवर धुरळा मारून गेला, वारा आमच्याकडे. दुसऱ्या दिवशी सकाळी कुंपणालगतच्या मिल्कवीडखाली अठरा अळ्या मोजल्या. भांडण केलं नाही. पुरणपोळ्या घेऊन गेले आणि त्यांच्या अंगणातल्या तुंबलेल्या पन्हाळी, टायर, कुंड्यांच्या बशा दाखवल्या. डास तिथे होत होते. पन्हाळी साफ झाल्या, करार मात्र त्यांनी तो हंगाम संपेपर्यंत चालू ठेवला. पैसे भरले होते ना.

आणखी एक गोष्ट आपल्या भागात बघायची, ती काळी स्वॅलोवर्ट वेल. कुंपणावर चढते, पानं चकचकीत, फुलं बारीक आणि जांभळट काळी. ही मिल्कवीडचीच नातेवाईक, वासाने मादी फसते आणि तिच्यावर अंडी घालते. त्या अळ्या एक-दोन दिवसांत उपाशी मरतात. मुळासकट खणा. नुसती ओढली तर पुन्हा येते.

मिल्कवीडनंतर दुसरी निकड शरदातल्या मधाची. हे लोक विसरतात. सप्टेंबर-ऑक्टोबरात निघालेल्या फुलपाखराला अंडी घालायची नसतात, चरबी साठवायची असते. त्याच चरबीवर ते वसंतापर्यंत तगतं. उन्हाळ्यातलं फुलपाखरू दोन ते सहा आठवड्यांत संपतं, हे आठ-नऊ महिने जगतं. त्यासाठी न्यू इंग्लंड ॲस्टर आणि गोल्डनरॉड लावा. गोल्डनरॉडने शिंका येतात हा गैरसमज आहे, शिंका रॅगवीडच्या परागांनी येतात. झिनिया आपल्या सगळ्यांकडे असतोच, तोही चालतो, एकेरी पाकळ्यांचा घ्या. दसऱ्याच्या आसपास एखाद्या शनिवारी मुलीला घेऊन न्यू जर्सीच्या दक्षिण टोकाला, केप मे इथे जा. डेलावेअरची खाडी ओलांडायच्या आधी मोनार्क तिथे वारा बघत थांबतात, आणि उत्तरेचा वारा सुटल्यावर संध्याकाळी सीडरच्या फांद्या त्यांनी लगडलेल्या असतात. पोचतात ती नोव्हेंबरच्या सुरुवातीला, मेक्सिकोत पितरांचे दिवस असतात तेव्हा. तिथले लोक त्यांना घरी परतणारे आत्मे मानतात. आपल्याकडे हे काम कावळ्याकडे आहे.

राहिले तुमचे आठ कोष. आज ऑगस्टचा तिसरा आठवडा आहे, म्हणजे यातून येणारी फुलपाखरं प्रवासाची असण्याची शक्यता आहे. म्हणून त्यांना आजच बाहेर हलवा. कोष होऊन दोन दिवस झाले असतील तर तो टणक झालेला असतो. डब्याच्या झाकणाला चिकटलेल्या रेशमी गादीवर पाण्याचा थेंब सोडून ती अलगद सोलून काढा. कोषाच्या काळ्या देठाला जाड दोरा बांधून ओसरीवर जाळीच्या पिंजऱ्यात लटकवा. दोन कोषांत वितीचं अंतर ठेवा, म्हणजे एकाचे बीजाणू दुसऱ्यावर सांडणार नाहीत. कोष हिरवा असताना त्याच्यावर वेडेवाकडे, दोन बाजूंना न जुळणारे काळे डाग उठले तर संशय घ्या. सगळाच काळपट होऊन आतले केशरी पंख दिसू लागले तर घाबरू नका, दुसऱ्या दिवशी सकाळी तो उघडेल. बाहेर आल्यावर लालसर थेंब पडतात, ते रक्त नाही. कोषातलं उरलंसुरलं असतं. प्रत्येकाची टेप घ्या, टेपखाली तारीख लिहा. स्वच्छ असेल ते त्याच दुपारी सोडा. मागच्या पंखावर शिरेलगत काळा ठिपका असेल तर नर, हे मुलीला ओळखू द्या.

तीन कुंड्यांतलं हळदीकुंकू थंडीपर्यंत राहू द्या, नंतर मुळासकट काढून कचऱ्यात टाका, खतात नको. पुढच्या वर्षी त्याच जागी स्वॅम्प मिल्कवीड. त्याच्या बियांना थंडी लागल्याशिवाय रुजायचं सुचत नाही, म्हणून मी दुधाचे रिकामे गॅलन कमरेत कापते, एका बाजूला बिजागरीसारखं जोडलेलं ठेवते, तळाला भोकं पाडते, चार इंच माती भरून वर बिया शिंपडते आणि जानेवारीत बाहेर बर्फात ठेवून देते. झाकण उघडंच. एप्रिलअखेरीला आत हिरवी रांग दिसते, आणि त्या रोपांत काय काय आहे हे कुणाला विचारावं लागत नाही. बिया माझ्याकडे दोन पिशव्या आहेत. हव्या असतील तर फेब्रुवारी उजाडायच्या आत घेऊन जा, नंतर पुरेशी थंडी मिळत नाही. येताना दुधाचे गॅलन तेवढे आणा, आमच्याकडे आता दोघांत एकसुद्धा संपत नाही.